सुतार नको, तक्ष चालतो! : कारागिरीची नावं आणि आपण

(दोंडाईचा येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्त्याच्या बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांची दोन प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

मिरचीच्या हंगामात दोंडाईच्यात भाषण करायचं म्हणजे दोन ठसके सोसायची तयारी ठेवावी लागते, ती ठेवून आलोय. एवढी गर्दी बघून बरं वाटलं. पुढच्या रांगेत दोन आज्या नातवंडांना मांडीवर घेऊन बसल्यात. त्यांच्यामुळे आजचा विषय सोपा होणार आहे, कारण विषय त्यांच्या मांडीवरच आहे: बाळाचं नाव.

आधी आपल्या घरातलं एखादं बारसं डोळ्यांसमोर आणा. पाळणा आहे. तो कुणी केला? सुतारानं. त्याच्या कड्या आणि साखळ्या? लोहारानं. बाळाच्या अंगावर कुंची आहे, ती शिंप्यानं शिवली. पायात वाळे आणि मनगटात बिंदल्या आहेत, त्या सोनाराच्या. आईच्या हातात नवा चुडा, तो कासारानं भरला. पाचव्या दिवशी सटवाई पुजताना मांडलेला पाटा-वरवंटा पाथरवटानं घडवला, आणि त्याला टाकी लावायला दारावर कोणी ना कोणी आलं होतं. म्हणजे बाळ ज्या वस्तूंच्या मधे पहिल्यांदा झोपतं, त्या सगळ्या कुणाच्या तरी हातानं घडलेल्या असतात. मग आत्याबाई बाळाच्या कानात कुर्रर्र करते आणि नाव सांगते. त्या नावात या हातांपैकी एकाचाही उल्लेख नसतो. निदान आपल्याला तसं वाटतं. खरंच नसतो का, तेच आज बघायचंय.

घरातली गोष्ट

हा विषय मला पुस्तकात भेटला नाही, घरात भेटला. माझे आजोबा सुतार होते. इथून जवळच्याच एका खेड्यात ते बैलगाड्या करायचे. बाभळीचं लाकूड, मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, आणि शेवटी लोहाराकडून तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव बसवायच्या दिवशी लोहार आणि सुतार दोघंही घामाघूम, आणि गावातली पोरं भोवती गोल करून उभी. त्यांचं आडनावही सुतारच.

माझे वडील शिकले आणि एका कचेरीत कारकून झाले. त्या कचेरीत खुर्चीचा पाय डुगडुगला की हाक यायची, "सुतार, जरा बघा हो!" टेबलाचा खण अडकला, की "सुतार!" वडिलांनी आयुष्यात कधी रंधा धरला नव्हता. ते हिशेब लिहायचे, आणि चांगले लिहायचे. पहिली दोन वर्षं ते हसले. तिसऱ्या वर्षी त्यांनी राजपत्रात जाहिरात दिली आणि आडनाव बदलून गावावरून घेतलं. आम्ही भावंडं त्या नव्या आडनावानं वाढलो.

आता मागच्या वर्षाची गोष्ट. माझ्या पुतणीला मुलगा झाला. तिनं मोबाइलवर नावं शोधली, चार दिवस घरात मतदान चाललं आणि नाव ठरलं, तक्ष. छोटं, उच्चारायला सोपं, आणि जरा भारदस्त. बारशाला कुणीतरी विचारलं, अर्थ काय? पुतणी म्हणाली, रामायणात भरताचा मुलगा होता. बरोबर आहे. मी मात्र तिथेच बसून सांगून टाकलं, की 'तक्ष्' या संस्कृत धातूचा अर्थ तासणं, घडवणं असा आहे, आणि 'तक्षन्' म्हणजे सरळसरळ सुतार.

घर एकदम गप्प झालं. मग माझी आई, वय वर्षं ८४, आमच्या अहिराणीत म्हणाली, "मंग हाई ते आपला घरनंच नाव शे ना रे!"

मंडळी, जे आडनाव आम्ही पुढच्या दारानं घालवलं, ते मागच्या दारानं पाळण्यात येऊन झोपलं होतं. सुतार नको होता, तक्ष चालला. असं का होतं? उत्तर व्याकरणात थोडं आहे आणि समाजात जास्त आहे. आधी व्याकरण बघू.

'कार'चा 'आर' कसा झाला

आपल्याकडच्या बऱ्याच व्यवसायनामांची घडण एका साच्यातली आहे. वस्तू, आणि तिच्यापुढे 'कार', म्हणजे करणारा. सुवर्णकार, लोहकार, कुंभकार, चर्मकार, कांस्यकार. प्राकृत बोलीत दोन स्वरांच्या मधला 'क' झिजत झिजत गळून पडला. सुवर्णकाराचा सोनार झाला, लोहकाराचा लोहार, कुंभकाराचा कुंभार, चर्मकाराचा चांभार, कांस्यकाराचा कासार. सुतार वेगळ्या वाटेनं आला. तो मुळात सूत्रधार, म्हणजे मापाचा दोरा हातात धरणारा. नाटकातला सूत्रधार आणि आपल्या आळीतला सुतार हे शब्दांच्या घरात सख्खे भाऊ आहेत. एक रंगमंचावर गेला, दुसरा ओट्यावर बसून गुण्या लावत राहिला.

शब्दांच्या मुळांचा असा छंद ज्यांना होता, त्यांचं नाव आपल्या जिल्ह्यात घेतलंच पाहिजे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे शेवटी धुळ्यात राहिले आणि १९२६ साली धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. त्यांचा धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश चाळताना कळतं, की आपण रोज ज्या नावांनी हाका मारतो ती किती जुनी आहेत.

आता 'तक्ष'कडे परत येऊ. आपलं 'तासणे' हे क्रियापद याच धातूपर्यंत नेतात. आणि हा धातू एकट्या संस्कृतचा नाही. ग्रीक भाषेत सुताराला 'तेक्तोन' म्हणतात. तो तक्षन्‌चा चुलतभाऊ. तेक्तोनांचा मुख्य तो 'आर्खितेक्तोन', म्हणजे आजचा आर्किटेक्ट. बायबलच्या ग्रीक पाठात येशूला जो शब्द लावलाय तोही तेक्तोन. टेक्नॉलॉजीतला 'टेक्नो' आणि टेक्स्टाइलमधला 'टेक्स्ट' हे शब्दही याच कुळातले समजले जातात. म्हणजे आमच्या पाळण्यातलं पोरगं एका बाजूनं बाभळीच्या आऱ्याशी नातं सांगतं आणि दुसऱ्या बाजूनं सॉफ्टवेअरच्या ऑफिसाशी. आडनाव बदलताना यातलं काही कुणी वडिलांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी आडनाव बदललंच असतं, कारण त्यांची अडचण व्युत्पत्तीची नव्हती.

अडचण कुठे आहे

आडनावांची यादी घ्या. कुलकर्णी, देशमुख, पाटील, चिटणीस, फडणीस, पोतनीस. हीसुद्धा कामाचीच नावं आहेत. कुलकर्णी म्हणजे गावाचा दफ्तर लिहिणारा, चिटणीस म्हणजे चिठ्ठ्या-पत्रं लिहिणारा. आज कुठलाही कुलकर्णी गावचं दफ्तर लिहीत नाही, तरी त्या आडनावाची लाज वाटून कुणी ते बदलत नाही. कचेरीत एखादं पत्र लिहायचं असलं म्हणून "चिटणीस, जरा लिहा हो" असं कुणी हटकून ओरडत नाही. आता दुसरी यादी. सुतार, लोहार, कुंभार, तेली, परीट, न्हावी, बुरूड, पिंजारी. दोन्ही याद्या कामाच्याच. फरक एवढाच, की पहिल्या यादीत लेखणी आणि हुकूम आहे, दुसरीत हात आहे. कामावरून नाव असणं आपल्याला खटकत नाही, ते हाताच्या कामावरून असलं की खटकतं.

त्र्यंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली आलं. गाव चालवण्यात बलुतेदारांचा वाटा काय होता आणि त्यांना धान्याच्या रूपात काय मिळायचं, हे त्यात तपशिलानं आहे. त्या व्यवस्थेत सुताराशिवाय नांगर नव्हता, पण सुताराच्या मुलाला दुसरं काही होण्याची मुभाही नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या प्रबंधात यावर नेमकं बोट ठेवलं. जात म्हणजे कामांची वाटणी असती तर सोसलं असतं, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणून आडनाव नुसतं काम सांगत नाही, ते माणसाची पायरी सांगतं. माझ्या वडिलांना रंध्याची लाज नव्हती. समोरचा आपल्याला कुठल्या पायरीवर बसवतोय, ते त्यांना कळत होतं.

नावात जात किती घट्ट बसते हे सरकारलाही मान्य करावं लागलं. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानं वाड्या-वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. वस्तीचं नाव बदलून मनं बदलतात का, हा वेगळा प्रश्न आहे. पण पत्ता सांगताना मुलाची मान खाली जात असेल, तर तो पत्ता बदललेलाच बरा.

मेसन, टेलर, कूपर

आता जरा परदेशात जाऊन येऊ. अमेरिकेत २०११ साली जन्मलेल्या मुलांच्या नावांत 'मेसन' हे नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं. मेसन म्हणजे गवंडी. पहिलं नाव, बरं का, आडनाव नाही! कूपर म्हणजे लाकडी पिंपं करणारा. टायलर म्हणजे छपरावर कौलं बसवणारा. फ्लेचर म्हणजे बाण तयार करणारा. सॉयर म्हणजे करवतीनं ओंडके कापणारा. टेलर तर आपल्या गल्लीतच आहे, पण तिकडे ते मुलीचं नाव आहे, आणि त्या नावाच्या गायिकेची गाणी इथल्या कॉलेजातल्या मुली ऐकतात. "शिंपी नावाच्या बाईंचा कार्यक्रम आहे" असं आपण म्हणून बघा. हसू येतं ना? त्या हसण्यातच आजचा विषय आहे.

तिकडे हे कसं जमलं? ही नावं आधी व्यवसायाची होती, मग आडनावं झाली. काही पिढ्यांत व्यवसाय सुटला, आडनाव राहिलं. स्मिथ आडनावाचा माणूस डॉक्टर झाला, पाद्री झाला, तरी त्याला कुणी घोड्याचा नाल ठोकायला सांगेना. शब्दातून पायरी निघून गेली आणि नुसता नाद उरला. मग तो नाद मुलाला ठेवायला मोकळा झाला. इटलीतली फेरारी गाडी बघा. फेरारी म्हणजे लोहार. आपल्याकडे पोरं लोहाराचं पोस्टर भिंतीवर लावतात आणि त्यांना ते माहीतही नसतं.

तिकडे सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडेही उच्चनीच होतं आणि आहे. पण धंदा बदलला की माणसाची ओळख बदलू शकत होती. आपल्याकडे धंदा बदलला तरी आडनाव माणसाला ओढून परत ओट्यावर बसवतं.

आपल्याच शेजारचं एक उदाहरण यापेक्षा जवळचं आहे. मालेगाव आणि धुळ्याच्या विणकर मुसलमान समाजात मोमीन आणि अन्सारी ही आडनावं भेटतात. १८५७ नंतर उत्तरेतून बरेच विणकर मालेगावात आले. उत्तरेत विणकराला जुलाहा म्हणत, आणि तो शब्द हेटाळणीनं वापरला जाई. विणकरांनी काय केलं? अन्सारी हे नाव घेतलं. अन्सार म्हणजे मदिनेत पैगंबरांना मदत करणारे. कापूस पिंजणाऱ्यांनी मन्सुरी हे नाव घेतलं, मन्सूर अल-हल्लाज या सूफीवरून. हल्लाज म्हणजेच पिंजारी! शिवणकाम करणाऱ्यांनी इद्रिसी घेतलं, कारण इद्रीस पैगंबरांनी शिवणकाम सुरू केलं अशी श्रद्धा आहे. म्हणजे त्यांनी काम सोडलं नाही, कामाला नवा पूर्वज शोधला.

आपल्याकडे पांचाळ समाजानं विश्वकर्म्याचे पाच पुत्र सांगितले ते याच धाटणीचं. मनू लोहारांचा, मय सुतारांचा, त्वष्टा तांबटांचा, शिल्पी पाथरवटांचा आणि विश्वज्ञ सोनारांचा. आणि वारकऱ्यांनी तर फारच सोपा मार्ग काढला. गोरा कुंभार, नरहरी सोनार, सावता माळी, सेना न्हावी. संताच्या नावापुढे धंदा लावला आणि तो पुसायची गरजच ठेवली नाही. तेरच्या गोरोबांचं नाव 'कुंभार' वगळून कुणी घेतच नाही. मराठीत हातकामाचा शब्द आदरानं उच्चारायची सवय कुठे टिकली असेल, तर ती इथे.

नावं ठेवायची तर कोणती

आता ज्यासाठी पुढच्या रांगेतल्या आज्या थांबल्यात त्या भागाकडे येतो. कारागिरीवरून आलेली नावं कोणती, आणि तशी वाटणारी पण नसलेली कोणती?

पहिलं नाव ऋभू. ऋग्वेदात ऋभू, विभ्वन् आणि वाज असे तीन भाऊ आहेत, सुधन्व्याचे मुलगे. जन्मानं ते देव नव्हते. त्यांनी अश्विनांसाठी रथ घडवला, त्वष्ट्यानं केलेल्या एका चमसाचे, म्हणजे सोमपात्राचे, चार चमस केले, आणि म्हाताऱ्या आईवडिलांना पुन्हा तरुण केलं अशी कथा आहे. त्या कौशल्याच्या जोरावर त्यांना अमरत्व मिळालं. हाताच्या कसबावर देवपण मिळवलेले हे आपले पहिले कारागीर. मुलासाठी यापेक्षा चांगलं नाव मला सुचत नाही.

शिल्पा हे नाव सगळ्यांना माहीत आहे. पण आज शिल्प म्हटलं की आपल्याला दगडी मूर्तीच दिसते. संस्कृतात शिल्प म्हणजे कोणतीही हस्तकला. तो जुना अर्थ आज एका ठिकाणी जिवंत आहे. आयटीआयमध्ये फिटर, वेल्डर शिकवणाऱ्या मास्तरांच्या पदाचं नाव आहे 'शिल्पनिदेशक'. म्हणजे वेल्डिंग हेसुद्धा शिल्पच.

नल आणि नील. सेतू बांधणारा नल हा विश्वकर्म्याचा मुलगा. नील हे नाव आज खूप ठेवतात, पण निळ्या रंगासाठी. नल कुणी ठेवत नाही, पाण्याच्या नळाचा घोटाळा होतो म्हणून असेल.

ओवी हे सध्या मुलींचं आवडतं नाव. ते 'ओवणे' या क्रियापदाशी जोडतात. फुलं ओवावी तसे शब्द ओवायचे. आणि ओव्या कुठे म्हटल्या गेल्या? जात्यावर, दळताना. म्हणजे हे नाव दुहेरी श्रमाचं आहे. तनय आणि तनया ही नावंही बघा. मूळ धातू 'तन्', ताणणं, पुढे नेणं. मागावरचा ताणा आणि तंतू त्याच धातूतले. वंशाचा धागा पुढे नेणारा तो तनय. कृती आणि रचना ही नावं तर उघडच घडवण्याची आहेत.

आता फसवी नावं. वीणा हे वाद्य आहे, त्याचा विणण्याशी संबंध नाही. कबीर विणकर होते, पण 'कबीर' या अरबी शब्दाचा अर्थ महान असा आहे. कृत्तिका हे नक्षत्र आहे, ते 'कृती'वरून आलेलं नाही. मोबाइलवरच्या याद्या हे सगळं एकत्र कालवून देतात. नाव ठेवायच्या आधी एखादा शब्दकोश उघडा, किंवा शाळेतल्या मराठीच्या बाईंना विचारा.

एक गोष्ट या यादीत तुमच्या लक्षात आली का? सुवर्णा, कांचन, हेमा, रजत, हिरा, माणिक, मोती, रेशमा. ही नावं आपण पिढ्यान्‌पिढ्या ठेवतो. सोनं ठेवतो, सोनार ठेवत नाही. रेशीम ठेवतो, साळी ठेवत नाही. वस्तू आपल्याला पाळण्यात चालते, घडवणारा चालत नाही.

कण्हदासाचा हात

हे कायम असंच होतं का? नव्हतं. आपल्या चाळीसगावच्या बाजूला सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्यानं साफसफाई केली, तेव्हा दगडाचा एक गुबगुबीत, हसरा यक्ष सापडला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरली आहे. अर्थ असा, की हा हिरण्यकार कण्हदासानं केला. हिरण्यकार म्हणजे सोनार. कण्हदास म्हणजे आपला कृष्णदास, कान्हा.

काय सुंदर गोष्ट आहे बघा. सोनाराचा धंदा सोन्याचा, पण हा दगड कोरतोय. म्हणजे धंद्याची कुंपणं तेव्हा आपण समजतो तेवढी घट्ट नव्हती. आणि तो आपलं नाव आणि आपलं काम दोन्ही शेजारी शेजारी लिहितो, तेही हातावरच.

आता अजिंठ्याला या. सोळाव्या लेण्यात दात्याचं नाव ठळक कोरलेलं आहे, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव. छिन्नी ज्यांनी चालवली त्यांची नावं तिथे नाहीत. अलीकडचं बघा. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. त्याची सजावट नंदलाल बोस यांनी केली, बांबू आणि गवत असं खेड्यातलं सामान वापरून. नंदलालबाबूंचं नाव इतिहासात आहे आणि ते असायलाच हवं. बांबू चिरणाऱ्या, तट्ट्या विणणाऱ्या हातांची नावं कुठे आहेत? कण्हदासाला दोन हजार वर्षांपूर्वी जमलं, ते आपल्याला ९० वर्षांपूर्वी जमलं नाही.

आणि मुली?

बायकांच्या बाबतीत तर आणखी अवघड. कुंभाराच्या घरी माती मळायची, साळ्याच्या घरी कांड्या भरायच्या, शिंप्याच्या घरी काजं-बटणं करायची, हे सगळं बायकांनी केलं. नाव मात्र कुंभाराचं, साळ्याचं, शिंप्याचं. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी सुगरण पक्ष्याच्या खोप्यावर कविता केली, ती तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. सुगरण हा शब्द सुगृहिणीवरून आला. गंमत अशी, की या पक्ष्यात खोपा विणतो तो नर. पाखरांत काम नराचं आणि नाव मादीचं, माणसांत काम बाईचं आणि नाव बुवाचं!

मुलीचं नाव शिल्पा ठेवायचं आणि ती आयटीआयला वेल्डिंगला जाते म्हणाली की "ते मुलींचं काम नाही" असं म्हणायचं, हे बरं नाही. नाव ठेवलंत, तर त्या नावाला वागायला जागा ठेवा.

दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून संपवतो. जन्मनोंदणी करताना नाव ठरलं नसेल तर घाई करू नका. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली पहिल्या १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, नंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव येतं. आईच्या नावाला जागा मिळायला एवढी वर्षं लागली. हातांच्या नावांनाही मिळेल कधीतरी.



श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : दादा, आम्ही लोहार. आमच्या घरात आडनाव बदलायचं चाललंय. मुलगा पुण्यात शिकतो, त्याला ते नको आहे. तुमचं म्हणणं काय, बदलू नये?*

उत्तर : नाही भाऊ, मी तसं म्हणणार नाही. ज्याला रोज हाक ऐकायची आहे त्यानं ठरवावं. माझ्या वडिलांनी बदललं, मी त्यांना चूक म्हणत नाही. अभिमान बाळगा असं व्यासपीठावरून सांगणं सोपं असतं, खुर्ची दुरुस्त करायला आपल्याला कुणी बोलावत नाही ना! एवढंच करा. आडनाव बदललं तरी काम विसरू देऊ नका. भात्याजवळ कोण बसायचं, धाव कशी चढवायची, पाणी कधी मारायचं, हे मुलाला सांगा. लिहून ठेवा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. आणि दुसरी बाजूही बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात १८ व्यवसाय आहेत, लोहार, सुतार, कुंभार, शिंपी, गवंडी असे. तिथे नाव नोंदवायला जातीची नाही, हातातल्या कामाची अट आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. लोहारकाम कुणीही शिकावं आणि लोहाराच्या मुलानं काहीही व्हावं. त्या दिवशी लोहार हे आडनाव स्मिथसारखं हलकं होईल.

*प्रश्न (एक आजी) : सर, तुमच्या त्या तक्षच्या बारशाला तुमचे वडील होते का? ते काय म्हणाले?*

उत्तर : (थांबून) होते. हे मी सांगणार नव्हतो, पण आजींनी विचारलंच आहे. आई बोलली तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. पाहुणे गेल्यावर माळ्यावर चढू का म्हणाले. त्यांचं वय ८८, आम्ही चढू दिलं नाही. मग मलाच चढवलं. तिथे एका गोणपाटात आजोबांचा वाकस होता, पटाशी होती. वडिलांनी ती कधी टाकली नव्हती, आम्हालाही माहीत नव्हतं. वाकसाच्या दांड्यावर त्यांनी बराच वेळ हात फिरवला. मला म्हणाले, "पोराला नावाचा अर्थ सांगा." मी म्हटलं, सांगू. मग थोडं थांबून म्हणाले, "पण शाळेत नका सांगू."

तो वाकस आता पुतणीच्या घरी आहे. अर्थ कधी सांगायचा आणि कुठे सांगायचा, ते आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.